आधी ८०, मग १२०, मग २२०

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला छंदांवरचा लेख काल पुन्हा एकदा वाचला. मोबाइल, अ‍ॅप आणि आपोआप तारा शोधणाऱ्या दुर्बिणी काढून घेतल्या तर आकाशनिरीक्षणात काही मजाच उरणार नाही, असं लेखकाचं मत आहे. मत म्हणून ते चालेल, त्यावर वाद घालता येतो. पण लेखाखाली ‘घरी करून पाहा’ ही जी चौकट आपण छापलीत, तिच्यात दुर्बिणीचा आरसा घासायचा क्रम साफ उलटा आहे. ‘६०० नंबरच्या पुडीने सुरुवात करून ८० पर्यंत या’! हे वाचून एखाद्या मुलाने खाऊचे पैसे साठवून आणलेली काच वाया घालवली तर ती भरून कोण देणार?

काच घासायच्या कार्बोरंडम या कठीण पुडीचा नंबर जितका लहान तितका कण जाड. ८० नंबरने काचेला खोलगटपणा येतो, आणि पुढचा प्रत्येक नंबर आधीच्या नंबरने पाडलेले खड्डे काढतो. म्हणून क्रम ८०, १२०, २२०, ४००, ६०० असाच. ६ इंची आरशाची फोकल लांबी (आरशापासून प्रतिमा जिथे स्पष्ट उमटते तिथपर्यंतचं अंतर) ४८ इंच ठेवायची असेल तर मध्यावर खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. ती ८० नंबरनेच गाठायची. गाठली की नाही हे बघायला आरसा ओला करायचा, उन्हात धरायचा आणि सूर्याचा ठिपका भिंतीवर सगळ्यात लहान कुठे पडतो ते अंतर टेपने मोजायचं. एवढ्याने भागतं.

नंबर बदलताना काच, हात, नखं, बादली, टेबल सगळं धुवायचं आणि टेबलावर अंथरलेली रद्दीही बदलायची. २२० च्या फेरीत ८० चा एक कण राहिला तर ‘कर्र’ असा आवाज येतो. त्याच क्षणी हात थांबला नाही तर चरा पडलाच, आणि तो काढायला पुन्हा मागच्या नंबरवर जावं लागतं. काचेच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची तिरपी धार घासून ठेवायची असते, नाहीतर कडेचे टवके उडतात आणि तेच टवके पुढे चरे पाडतात. चौकटीत याचा उल्लेख नाही. उलट ‘मधूनमधून आरसा रुमालाने पुसावा’ असा सल्ला आहे. रुमालात अडकलेली पूड काय करते, हे वेगळं सांगायला हवं का?

लेखकाच्या मूळ मुद्द्यालाही उत्तर याच कामात आहे. दोन सपाट काचा घ्यायच्या, मध्ये पूड आणि पाणी, आणि वरची काच पुढे-मागे घासत टेबलाभोवती फिरत राहायचं. वरची खोलगट होत जाते, तोच आरसा; खालची फुगीर. कुठल्याही दिशेने सरकवल्या, फिरवल्या तरी एकमेकींना सगळीकडे टेकून राहतील असे पृष्ठभाग गोलाचेच असू शकतात, म्हणून गोल आपोआप साधतो. माणसाचा हात दर फेरीला थोडा वेगळा पडतो आणि त्यानेच चुका एका जागी साठत नाहीत. यंत्रापेक्षा हात इथे कमी पडत नाही.

मग पॉलिश. राळ वितळवून तिचा थर खालच्या काचेवर ओतायचा, त्यात चौकोन पडतील अशा खाचा पाडायच्या, आणि मधला चौकोन बरोबर केंद्रावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर या थरावर आरसा घासताना त्यावर वलयं उठतात. राळ नरम करायला तारपीन घालतात. त्याची वाफ पेट घेते, म्हणून राळ उघड्या आचेवर कधीही तापवायची नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये हिवाळ्यातली राळ चालत नाही. ती बसते, खाचा बुजतात आणि आरशाची कड जास्त झिजून खाली उतरते. पॉलिशला सेरियम ऑक्साइड ही बारीक पूड लागते, आणि लागतात बरेच दिवस.

तपासायला पत्र्याला पाडलेलं बारीक भोक, मागे दिवा आणि दाढीचं पातं पुरतं. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने ही रीत १८५८ च्या सुमारास दिली. आरशापासून ९६ इंचांवर, म्हणजे फोकल लांबीच्या दुप्पट अंतरावर, पातं आरशाकडून परतणाऱ्या प्रकाशात हळूच सरकवलं की आरशाचा सगळा चढउतार सावल्यांत दिसतो. काचेवर अर्धा मिनिट अंगठा टेकवून काढून घ्या आणि पात्यामागून बघा. अंगठ्याच्या उबेने आलेला फुगवटा टेकडीसारखा उभा असतो आणि काच निवेल तसा डोळ्यांदेखत ओसरत जातो. गोल आणि हवा असलेला परवलय (ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूत आणणारा आकार) यांतला फरक या आरशात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी आहे, आणि तो हाताने काढता येतो. याहून जास्त मजा कुठल्या अ‍ॅपमध्ये आहे ते लेखकाने सांगावं. विल्यम हर्शल पेशाने संगीतकार होता. तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचा सहा इंचांहून थोडा मोठा आरसा त्याने स्वतः घासला आणि १३ मार्च १७८१ ला बाथ गावातल्या घरामागच्या बागेतून त्याला युरेनस सापडला.

तंत्रज्ञान नकोच, असं म्हणणं नाही. शेवटचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा निर्वात पेटीतच चढतो, घरी नाही. पूर्वी चांदी चढवत, पण ती लवकर काळवंडते आणि तिचं उरलेलं द्रावण साठवलं तर त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून मुलामा बाहेरून करून घेणंच शहाणपणाचं. नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) हीसुद्धा विकतच आणावी. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने पुण्यात दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. चौकट छापण्याआधी तिथे कोणालाही एक फोन केला असता तरी चूक कळली असती.

दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत यावी ही विनंती. कोपऱ्यात दोन ओळींची नको.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावरच्या या महिन्याच्या आकाश-नकाशात उत्तर वर आणि पूर्व उजवीकडे छापली आहे. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, त्यामुळे उत्तर वर असेल तर पूर्व डावीकडे येते. गेल्या महिन्यात ती बरोबर होती. या वेळी कोणीतरी जमिनीच्या नकाशाप्रमाणे ती ‘सुधारली’ असावी. तारे मात्र जिथल्या तिथेच आहेत, म्हणजे नकाशावर ‘पूर्व’ म्हणून दाखवलेले तारे संध्याकाळी पश्चिमेला मावळताना दिसतील. कृपया दिशांची अक्षरं पुन्हा जागेवर घालावीत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे