नवे टायर टाकायची घाई करू नकोस

लातूर, 12 डिसेंबर

प्रिय दोस्ता,

पुढच्या डाव्या टायरची आतली कड गेली आणि दुकानदार दोन नवे टायर टाकून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करा म्हणतो, हे समजलं. टायर बदलावा लागेलच, पण गाडी टायर का खाते ते सापडेपर्यंत नवा टाकलास तर तोही तसाच जाईल. झिजलेल्या रबरातून टायरच्या आतल्या तारा दिसत असतील तर आजच स्टेपनी लाव.

हवा सकाळी, टायर थंड असताना बघ. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा. टायरवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा. उन्हातून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, ते काढू नकोस. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. तुझी एकच कड गेली, तेव्हा मूळ दुसरीकडे आहे.

आता स्टीअरिंग पूर्ण वळव, म्हणजे नक्षी समोर येईल. तारा नसतील तर तळहात आडवा फिरव, आधी आतून बाहेर, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं समोर सरळ न बघता आत किंवा बाहेर वळलीत; तो टाय रॉडवर, म्हणजे स्टीअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर, सेट होतो, काम सोपं. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत लागलं तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाक उभं न राहता कललंय. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर सेट करायची सोयच नसते. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडा लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, आला की वाकलेला स्ट्रट (शॉकअप असलेला उभा खांब), वाकलेला नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, फाटलेला रबरी बुश शोधायचा. उसाच्या ट्रॉल्यांना वाट देताना डावं चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली आपटतं, म्हणून डावी बाजू आधी बघ.

हँडब्रेक ओढ, मागच्या चाकाला दगड लाव, पुढचं चाक जॅकवर उचल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खटखट आली तर टाय रॉड एंड, वर-खाली धरून आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बॅटरी मारून बुशच्या रबराच्या भेगा बघ. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तर तोही गेला. त्याने टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात आणि गाडी घूं घूं करते. शॉकअप बदलल्यावरही त्या टायरचा आवाज राहतो, तेव्हा मेकॅनिकला बोल लावू नकोस.

सैल पार्ट आधी बदल, अलाइनमेंट त्यानंतर. उलट केलंस तर पैसे पाण्यात! बॅलन्सिंगने स्टीअरिंगची थरथर जाते, कड खाणं थांबत नाही. आणि दुरुस्तीआधी टायर मागे-पुढे करून घेऊ नकोस, खूण पुसली जाते. नंतर मात्र दर 8-10 हजार किलोमीटरला कर.

अलाइनमेंटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे छापून माग, बरेच जण देत नाहीत. तो कागद मला पाठव.

तुझाच