देवळालीचे कापरेकर मास्तर

राष्ट्रीय गणित दिनानिमित्त आपल्या पुरवणीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. ६१७४ या स्थिरांकाची माहिती त्यात चांगली आली आहे; मात्र ‘हौशी गणिती’ असे म्हणून त्यांच्या शिक्षकी पेशाची एका वाक्यात बोळवण केली, हे पटले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते आणि त्यांचे गणितही पाटीवर मावणारेच होते. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, हीच कृती पुन्हा केली की ८३५२ आणि तिसऱ्या खेपेस ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी शेवटी ६१७४ वरच येऊन थांबते, म्हणून तो स्थिरांक. हातच्याची वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला हे करून पाहता येते, आणि त्या काळी अनेक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले याचे कारणही बहुधा हेच असावे.

१९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या विज्ञान मासिकातील आपल्या सदरात लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले, हे लेखात सविस्तर आहे, पण १९६६ मध्ये पत्नी निवर्तल्यानंतर निवृत्तिवेतनात भागेना म्हणून या साध्या राहणीच्या गृहस्थाला गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या, याचा उल्लेखही नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी आज पंचाहत्तरी ओलांडून गेले असतील. त्यांच्या आठवणी आपण वेळीच मिळवून छापाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड