आबा, तुमच्या पिवळ्या सुईची गोष्ट

ग्लासगो, 6 जुलै

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

रोवणी सुरू झाली असेल, बोडी भरली असेल. इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि माझं काम नेमकं अंधारातलं. परवा आजी फोनवर म्हणाली, "काजवे धरायले एवढ्या दूर गेलीस का वं?" मी हसून विषय बदलला. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतात तेव्हाचा तो सर्रा (रक्तातल्या जंतूंचा ताप) लागलेला बैल आठवतो? बेरेनिल या जंतू मारणाऱ्या औषधाची पिवळी सुई दिली, ताप उतरला, काचपट्टीवर रक्तात जंतू दिसेनात, आणि काही दिवसांनी मालक त्याच बैलाला घेऊन पुन्हा दारात. "रक्त साफ आहे, जनावर साफ नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. आमच्या प्रयोगशाळेत सध्या तेवढ्या एका वाक्यावर काम चाललंय.

सर्र्याच्या जंतूचा जवळचा भाऊ आफ्रिकेत त्सेत्से माशीतून पसरतो आणि माणसाला निद्रारोग देतो. आम्ही वापरतो तो उपप्रकार माणसाला लागत नाही, आजीला सांगा. उंदरात तो साधारण तीन आठवड्यांत मेंदूत शिरतो. मग बेरेनिल दिलं की रक्त साफ होतं, पण ते औषध मेंदूत पुरेसं पोचत नाही. जंतू तिथे दडून बसतात आणि सवडीने परत रक्तात उतरतात.

काजवा इथे कामाला येतो. त्याच्या प्रकाशाचं जनुक या जंतूत घातलेलं असतं. उंदराला ल्युसिफेरिन, म्हणजे तो प्रकाश पेटवणारं रसायन, टोचायचं, गुंगी द्यायची आणि दहाएक मिनिटांनी काळ्या पेटीत ठेवायचं. उजेड इतका मंद की डोळ्यांना काहीच दिसत नाही. वरचा कॅमेरा उणे 90 अंशांपर्यंत थंड केलेला असतो, तो टिपतो. या उजेडाला जिवंत पेशीतली ऊर्जा लागते, त्यामुळे जंतू मेला की दिवा विझला. मूळ काजव्याचा पिवळा-हिरवा प्रकाश रक्तातच अडकतो, म्हणून जनुकात बदल करून तो लाल केलाय. लोडशेडिंगमध्ये आम्ही टॉर्चवर तळहात धरायचो तेव्हा बोटांतून लालच तेवढा बाहेर यायचा, तसंच.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुईनंतर अख्खा उंदीर पडद्यावर काळा होता. पुढच्या वेळी डोक्याच्या जागी एक ठिपका. रक्ताच्या काचपट्टीवर अजून काहीच नव्हतं. मला तुमचा बैलच दिसला हो.

पूर्वी औषधाने मेंदूतला रोग खरंच गेला का, हे ठरवायला 180 दिवस थांबून रक्त तपासत राहायचे. या पद्धतीने 90 दिवसांत कळतं. शिवाय तोच उंदीर पुन्हा पुन्हा बघता येतो, दर टप्प्याला वेगळे मारावे लागत नाहीत. तरी शेवटी मारावे लागतातच. आजीच्या पापाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आणि अंधार दिसला म्हणून निश्चिंत होता येत नाही: मूठभर जंतू उरले तर कॅमेऱ्यालाही कळत नाहीत.

माणसांच्या मेंदूत पोचलेल्या निद्रारोगाला कित्येक वर्षं मेलार्सोप्रोल देत, ते आर्सेनिकचं औषध. शंभरातले पाचेक रोगी त्या औषधानेच जात. 2018 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने निद्रारोगावरच्याच फेक्सिनिडाझोल या नव्या औषधाला अनुकूल मत दिलं. दहा दिवस गोळ्या, सुई नाही.

इथे मी चंद्रपूरची म्हटलं की या विषयातली जुनी मंडळी एकदम वळून बघतात. आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला 2004 मध्ये सर्र्याच्या जंतूने गाठलं होतं ना, त्यामुळे. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन एरवी हा जंतू मारतं, त्याच्यात जन्मतःच ते नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

एक काम आहे. तुमच्या जुन्या वह्या माळ्यावर असतील. तो बैल सुईनंतर नेमका किती दिवसांनी परत आला होता, तेवढं बघून कळवा.

आजीला नमस्कार.

तुमची,
सोनी