दर मिनिटाला पंधरा थेंब

सांगली,
रविवार, सकाळ

चि. सई हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

रुग्णवाहिकेवर उपचार करणाऱ्या पॅरामेडिकच्या वर्गात तुला प्रवेश मिळाल्याचे आईने फोनवर सांगितले. तू मला स्वतः कळवले नाहीस, याबद्दल माझी तक्रार नाही. मागच्या दिवाळीत चार पाहुण्यांदेखत मी म्हणालो होतो, की विद्यापीठ सोडून आमची मुलगी कम्युनिटी कॉलेजात ॲम्ब्युलन्स चालवायला शिकणार आहे. त्या वाक्यातला सूर वाईट होता आणि माहितीही चुकीची होती. माहितीचे आधी लिहितो, कारण ते सोपे आहे.

गेल्या मंगळवारी पहाटे आजी उठेना. अंग घामाने भिजलेले होते आणि हाक मारली की ती नुसती कण्हत होती. मला वाटले, अर्धांगाचा झटका आला. 108 ला फोन केला. गाडीतून बीएएमएस झालेला एक तरुण डॉक्टर उतरला आणि माझी हकिगत अर्धी ऐकत असतानाच त्याने तिचे बोट टोचून साखर पाहिली. ती 38 होती, म्हणजे फारच कमी. रात्री इन्सुलिन घेऊन ती न जेवताच झोपली होती, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर काही मिनिटांत तिने डोळे उघडले आणि "हा कोण मुलगा?" असे विचारले. मग त्याने आणि चालकाने तिला खुर्चीत बसवून आपल्या त्या अरुंद जिन्यावरून खाली नेले. तिसऱ्या वळणावर मला नुसते बघतानाही घाम फुटला. आजी आता बरी आहे आणि जेवणावरून सगळ्यांशी भांडते आहे.

महाराष्ट्रात 2014 पासून चालू असलेल्या या सेवेत गाडीबरोबर डॉक्टर असतो. आपल्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गला 911 हा आणीबाणीचा क्रमांक फिरवल्यावर दारात डॉक्टर येत नाही. शिरेत सुई लावणे, श्वासनलिकेत नळी घालणे, बारा लीडचा ईसीजी वाचून रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यायचे ते ठरवणे, हे सगळे तिथे पॅरामेडिक करतो. मेडिकल डायरेक्टरने, म्हणजे सेवेवर देखरेख करणाऱ्या डॉक्टरने, घालून दिलेल्या नियमावलीप्रमाणे तो ते करतो हे खरे, पण पहाटे चार वाजता त्या खोलीत डायरेक्टर नसतो. ईएमटीच्या, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या प्राथमिक उपचारांच्या, दीडशे-दोनशे तासांनंतर पुन्हा हजाराहून अधिक तास का शिकायचे, ऑपरेशन थिएटरमध्ये, प्रसूतिकक्षात आणि शेवटी गाडीवर उमेदवारी का करायची, हे तू मला दोनदा समजावले होतेस. मला ते समजायला आजीचे आजारपण लागले.

रुग्णालयात बसल्या बसल्या मी वाचू लागलो, आणि पिट्सबर्गच्या ज्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीच्या कडेने मी बावीस वर्षे कामाला जात आलो, तिथेच तुझ्या पेशाचे मूळ सापडले. तिथल्या लोकांना पूर्वी रुग्णालयात न्यायला पोलिसांची गाडी येत असे. माणसाला आत टाकायचे आणि न्यायचे, वाटेत उपचार नाहीत. डॉ. पीटर साफार हे सीपीआरची, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची, पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक. 1966 मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. पुढच्याच वर्षी त्यांच्या मदतीने फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली आणि त्याच वस्तीतल्या, ज्यांना नोकरीसाठी कोणी दारात उभे करीत नसे अशा कृष्णवर्णीय तरुणांना साफारांनी तयार केले. ही माणसे चालत्या गाडीत जे उपचार करीत, ते तेव्हा अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी होत असत. 1975 मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली, यांचे काम बंद पडले आणि नव्या सेवेत त्यांतल्या बहुतेकांना हळूहळू बाजूला सारले गेले. आपली सगळी मंडळी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात इतकी वर्षे जमतो, पण हा विषय एकदाही निघालेला मला आठवत नाही. आमच्या गप्पा मुलांच्या मेडिकल स्कूलपलीकडे जात नाहीत.

आता सुराबद्दल. लोक काय म्हणतील ही भीती मला होती, हे मी नाकारत नाही. पण तिच्याखाली दुसरी एक भीती होती. तू मितभाषी आहेस. ईएमटीच्या नोकरीत एकदा पहाटे घरी येऊन तू अर्धा तास गाडीतच बसून राहिली होतीस. मी खिडकीतून पाहत होतो आणि खाली आलो नाही. त्या रात्री काय झाले होते, ते मी अजून विचारलेले नाही. सांगावेसे वाटले तर सांग. नाही वाटले, तर वर्गातल्या कोणाला तरी सांग. रात्रपाळीनंतर झोप आल्यास गाडी चालवू नकोस, आईला फोन कर. पिट्सबर्गच्या पायऱ्यांवर माणसे उचलताना कंबर सांभाळ, कारण पगार बेताचा असतो आणि कंबर एकच असते.

तुझी फी मीच भरण्याचा आग्रह मी सोडला आहे. तू साठवलेल्या पैशांतून भर. पुस्तके आणि गणवेश मात्र माझ्याकडून.

औषधांच्या गणिताची तुला धास्ती आहे, असे आई म्हणाली. त्या बाबतीत यंत्रांची देखभाल करणारा बाप उपयोगी पडू शकेल. तिने पाठवलेल्या पानावरचे पहिले उदाहरण मी सोडवले: 250 मिलिलीटरच्या पिशवीत 400 मिलिग्रॅम डोपामिन (रक्तदाब वाढवणारे औषध), रुग्णाचे वजन 80 किलो, मात्रा दर किलोला दर मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला 400 मायक्रोग्रॅम हवेत, पिशवीतल्या एका मिलिलीटरमध्ये 1600 आहेत, म्हणून पाव मिलिलीटर. एका मिलिलीटरचे साठ थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला पंधरा थेंब. पहिल्या खेपेस माझे उत्तर दीडशे आले होते. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना एक शून्य गळले होते. तेव्हा आकडे लिहिताना एकक दर ओळीत लिही, मनात धरू नकोस.

पुढची उदाहरणे मला पाठव. शुक्रवारपर्यंत सोडवून ठेवतो. तूही सोडव, मग फोनवर ताळा करू. आजीने विचारले आहे, की तुझ्या गाडीत खुर्ची असते का.

तुझा,
बाबा