कुमारवयीन नायकांच्या कादंबऱ्या आणि प्रतीकांची कोष्टके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलग्यांच्या वयात येण्याच्या कादंबऱ्यांवर आलेला लेख वाचला. या विषयाला आपण पूर्ण पान दिलेत याबद्दल आभार; लेखकाने या कादंबऱ्या आस्थेने वाचल्या आहेत हेही जाणवते. तरीही लेखाच्या मधोमध छापलेली चौकट मनाला खटकली. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, लाल टोपी म्हणजे एकटेपणा, पतंग म्हणजे मैत्री, अशी तिथे प्रतीकांची एक यादीच दिली होती आणि तिच्याखाली निष्कर्ष होता की या सगळ्या कादंबऱ्यांत निर्दय जग मुलाची निरागसता हिरावून घेते. या दोन्ही गोष्टींना माझी हरकत आहे आणि त्या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वाचनात या प्रकारातल्या ज्या कादंबऱ्या खरोखर टिकून राहिल्या, त्यांत मुलगा क्वचितच नुसता लुबाडला जातो. जे वाईट घडले त्यात आपलाही हात होता हे त्याला कळते, त्या क्षणी त्याचे बालपण संपते. ज्या वस्तूला आपण घाईघाईने प्रतीक म्हणून मोकळे होतो ती बहुतेक वेळा याच गोष्टीची साक्षीदार असते. ती आधी कुठे होती, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि मुलगा तिच्याकडे आता कसा पाहतो, हे पाहत गेले की अर्थ आपोआप उलगडतो.

विल्यम गोल्डिंग यांची 1954 साली प्रसिद्ध झालेली, निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी घ्या, कारण कोष्टकांचा सर्वांत जास्त जाच तिलाच झाला आहे. शंख हाती असेल त्यानेच सभेत बोलायचे असा या मुलांचा नियम असतो, म्हणून शंख म्हणजे लोकशाही हे समीकरण चूक नाही, पण ते फार लवकर थांबते. मुलांचा पुढारी राल्फ याला शंख सापडतो तेव्हा तो दाट सायीच्या रंगाचा असतो आणि त्यावर कुठे कुठे फिकट गुलाबी छटा असते. पुढे एका सभेच्या वेळी गोल्डिंग जाता जाता सांगतात की उन्हावाऱ्याने त्याचा पिवळा आणि गुलाबी रंग उडून तो जवळजवळ पांढरा आणि पारदर्शक झाला आहे. तेव्हा तो अजून फुटलेला नसतो आणि त्याचा मानही मुले अजून राखत असतात. झीज आधीच सुरू झाली आहे आणि ती कोणा एका खलनायकाने घडवलेली नाही, एवढे त्या उडालेल्या रंगातून कळते.

याहून महत्त्वाचा प्रसंग सायमनच्या मृत्यूनंतरचा आहे. वादळी रात्री मुले रिंगण धरून नाचतात, अंधारातून आलेल्या आपल्यातल्याच सायमनला श्वापद समजतात आणि त्याला मारून टाकतात. त्या रिंगणात राल्फ आणि त्याचा चष्मा लावणारा मित्र पिगी हेही सामील असतात, हे आपण विसरतो, कारण ही दोघे आपल्याला सज्जनांच्या बाजूची वाटतात. दुसऱ्या दिवशी राल्फ शंख कवटाळून पुढेमागे डोलत बसतो आणि झाला तो खून होता, असे स्वच्छ बोलून टाकतो. पिगी मात्र तो अपघात होता, अंधार होता, आपण बाहेरच्या बाजूला होतो, आपण काही केले नाही, काही पाहिले नाही, असे समजावत राहतो. ज्या हातांनी ते रिंगण धरले त्याच हातांत आता शंख आहे. या दृश्यावर लोकशाही असा शिक्का मारून आपण पुढे गेलो तर वाचण्यासारखे होते ते तसेच मागे राहते. शेवटी राल्फ रडतो ते निरागसतेच्या अंतासाठी, माणसाच्या मनातल्या अंधारासाठी आणि पिगीसाठी, असे गोल्डिंग यांनी स्पष्ट लिहिले आहे. त्या अंधारातून राल्फने स्वतःला वगळलेले नाही.

पिगीच्या चष्म्याबद्दल एक जुना आक्षेप आहे. त्याला लांबचे दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगे अंतर्वक्र असणार, आणि तसल्या भिंगांनी सूर्यकिरण एकवटत नाहीत, त्यामुळे आग पेटणे शक्यच नाही. आक्षेप बरोबर आहे. पण चष्मा म्हणजे विज्ञान असे मानणाऱ्यालाच त्याने अडचण होते. चष्म्याची हकिगत नीट पाहिली तर दिसते ते असे, की इतरांच्या सोयीसाठी एका दुबळ्या मुलाच्या डोळ्यांवरून तो पहिल्याच दिवशी न विचारता ओढून घेतला जातो, मग त्याचे एक भिंग फुटते आणि अखेर तो चोरला जातो. पहिल्यांदा तो ओढणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यांना सुटकेसाठी धूर करायचा होता. म्हणून तर ते दृश्य अधिक बोचते.

चार्ल्स डिकन्स यांनी 1860–61 मध्ये क्रमशः लिहिलेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये अशी एक कानस आहे. लहानगा पिप एका पळालेल्या कैद्याला भिऊन घरातले खाणे चोरतो आणि लोहारकाम करणाऱ्या मेव्हण्याची, जोची, कानस त्याला बेडी कापायला नेऊन देतो. पुढे गावच्या मद्यगृहात एक अनोळखी माणूस पिपकडे रोखून पाहत आपल्या पेल्यातले पेय चमच्याऐवजी त्याच कानशीने ढवळतो. ती कानस पिप सोडून कोणालाही दिसत नाही, आणि पिपचे मात्र पाणी पाणी होते. त्यानंतर त्याच्या बहिणीवर हल्ला होतो आणि शेजारी कापलेली पायातली बेडी सापडते, तेव्हा नकळत का होईना हत्यार आपणच पुरवले या विचाराने तो हादरतो. कानस कशाचे प्रतीक आहे, असा प्रश्न इथे विचारून पाहा. एका शब्दाचे उत्तर मिळणार नाही. आणि तरीही पिपचा खरा अपराध चोरीचा नाही. सभ्य गृहस्थ होण्यासाठी लंडनला निघताना, मेव्हणा जो आपल्या शेजारी उभा राहिला तर आपण दोघे कसे विजोड दिसू, या लाजेपोटी तो आपण एकट्यानेच जाणार असे सांगतो, आणि गावाच्या टोकाला दिशादर्शक खांबापाशी पोचल्यावर त्या खांबाला हात लावून रडतो. तो लाकडी खांब कोणत्याही प्रतीकांच्या यादीत नसतो.

जॉन नोल्स यांच्या 1959 सालच्या ‘अ सेपरेट पीस’ या कादंबरीत हा मुद्दा सर्वांत निखळपणे येतो. 1942 चा उन्हाळा, निवासी शाळा, नदीकाठचे झाड, त्यावरून पाण्यात उडी मारण्याची पैज. जीन आपला जिवलग मित्र फिनी याच्यासह फांदीवर उभा आहे. जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते, फिनी खाली कोसळतो आणि त्याचा पाय मोडतो. त्या वाक्यात हेतू नाही, राग नाही, फक्त वाकलेले गुडघे आहेत. आपण हे मुद्दाम केले का, हा प्रश्न जीनला पुढे सोडत नाही, आणि लेखक त्याची सुटकाही करत नाही. पंधरा वर्षांनी तो परत येतो, तेव्हा आठवणीतले ते प्रचंड झाड इतर झाडांत चटकन ओळखूही येत नाही. समीक्षेत या झाडाला बायबलमधल्या ज्ञानवृक्षाशी जोडण्याची प्रथा आहे आणि तो संबंध लेखकाच्या मनात असेलही. परंतु त्या झाडाची दहशत वाचकाला जाणवते ती पैजेमुळे. आपण घाबरलो आहोत हे मित्रासमोर कबूल करता न येणे ही मुलग्यांच्या जगातली फार जुनी सक्ती आहे आणि या कादंबऱ्यांतली कितीतरी संकटे तिच्यातूनच जन्म घेतात.

खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’मध्ये तर हात नुसता आवरून धरला जातो. अमीरसाठी पतंग आणायला धावलेल्या त्याच्या सवंगड्यावर, हसनवर, गल्लीत अत्याचार होत असताना अमीर कोपऱ्यावरून पाहतो आणि पळून जातो, आणि नंतर तोच निळा पतंग घेऊन वडिलांची शाबासकी मिळवतो. हा पतंग म्हणजे मैत्री असे चौकटीत छापलेले पाहून मला वाईट वाटले. तो पतंग मैत्रीच्या बदल्यात मिळालेला आहे.

इथे कोणी म्हणेल की मी निरागसतेचा प्रश्न अपराधीपणापुरताच अरुंद करतो आहे. तसे नाही, आणि त्यासाठी बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’कडे यायला हवे. 1929 साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांना चित्रपटामुळे ठाऊक आहे, त्यामुळे कास फुललेल्या माळावरून अपू आणि दुर्गा आगगाडी पाहतात हे दृश्यच डोळ्यांसमोर येते. मूळ कादंबरीत दुर्गाला आगगाडी दिसतच नाही. ती आजारी पडते तेव्हा, मला एकदा आगगाडी दाखवशील का, असे अपूला विचारते आणि मग मरते. म्हणजे आगगाडी ही प्रगतीची वगैरे खूण होण्याच्या आधी भावाने बहिणीला देणे असलेली आणि द्यायची राहून गेलेली गोष्ट आहे. अपू पुढे स्वतः गाडीत बसून गाव सोडतो, तेव्हा ते देणे त्याच्यासोबत असते.

गाव सोडण्याआधी अपूला घरातल्या उंच फळीवरच्या मडक्यात एक सोन्याची कुंकवाची डबी सापडते. ती चोरल्याच्या आळावरून दुर्गाने मार खाल्लेला असतो. आता तिने खरोखर चोरी केली होती हे त्याला कळते. तो कोणाला हाक मारत नाही, आईलाही सांगत नाही. डबी घराच्या मागच्या बांबूच्या बनात फेकून देतो, म्हणजे ते कोणाला कधीच कळू नये. इथे मुलगा अपराधी नाही. पण मेलेल्या बहिणीचे गुपित सांभाळण्याचे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतले आहे, आणि ज्याच्याजवळ असे गुपित आहे तो पूर्वीचा लहान मुलगा राहत नाही. कोवळेपण सोडण्याची क्रिया इतकी हळुवारही असू शकते, हे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. मार्क ट्वेन यांच्या कादंबरीतला मुलगा हकलबरी फिन हा पळालेला गुलाम जिम याचा पत्ता कळवणारे पत्र फाडतो आणि त्यासाठी नरकात जायला तयार होतो, तेही याच जातीचे: तिथे मुलगा गमावतो ती लोकांनी शिकवलेली पापपुण्याची कल्पना, आणि तो त्यामुळे मोठा होतो.

मराठी वाचक या कादंबऱ्या हिरावून घेण्याच्या कथा म्हणून का वाचतो, याचे एक कारण आपल्या पहिल्या वाचनात आहे असे मला वाटते. ‘श्यामची आई’मधला श्याम आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला धोंड्यावर ओचे पसरायला लावतो, आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनाला लागू नये म्हणूनही जप, असे ती त्याला सांगते. साने गुरुजींचे हे पुस्तक 1935 सालचे आहे आणि त्याचे ऋण मी मनापासून मानतो. मात्र तिथे निरागसता ही स्वच्छ ठेवायची गोष्ट आहे, डाग बाहेरून लागतो आणि रोजच्या काळजीने टाळता येतो. ही दृष्टी अंगात मुरली की पुढे भेटणारा प्रत्येक मुलगा आपल्याला डाग लागलेला किंवा लावलेला दिसू लागतो. जीनचे वाकलेले गुडघे त्या चौकटीत बसत नाहीत. त्याला कोणी बिघडवलेले नाही. आईची शिकवण कमी पडली असेही म्हणता येत नाही.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चेही आपल्याकडे बरेचदा गोड आठवणींचे पुस्तक म्हणून कौतुक होते. आणीबाणीच्या काळातली नववीची मुले ज्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीत जमतात, ती जागा कादंबरीभर कुठेही स्वतःला प्रतीक म्हणवून घेत नाही, आणि म्हणूनच ती मनात राहते. मोठ्यांचे जग भीतीने गप्प झालेले असताना मुलांनी शोधलेली, मोठ्यांच्या नजरेबाहेरची ही जागा आहे. आपल्या लेखात या कादंबरीला दोनच ओळी मिळाल्या. तिच्यावर स्वतंत्रपणे लिहिले जावे असे वाटते.

कोष्टकांचा खरा तोटा विद्यार्थ्यांना होतो. शंख म्हणजे लोकशाही हे उत्तर लिहिलेल्या मुलाला गुण मिळतात, आणि ते उत्तर कादंबरी न उघडताही लिहिता येते. ज्या वयात मुले स्वतःच अशा एखाद्या फांदीवर उभी असतात, त्याच वयात आपण त्यांच्या हाती ही पुस्तके देतो, आणि मग त्यांच्यापासून पुस्तकातली धग दूर ठेवणारे प्रश्न विचारतो. कोणाच्या चुकीत आपण सामील होतो, कुठे पाहूनही गप्प राहिलो, कोणाला लाजलो, हे प्रश्न त्या वयातल्या मुलाला परके नसतात. ते मोठ्याने विचारण्याची जागा मात्र त्याला फार थोड्या ठिकाणी मिळते आणि कादंबरीचा तास ही त्यातली एक आहे.

म्हणून आपल्याला विनंती अशी, की या विषयावर पुढे लेख छापाल तेव्हा दहा कादंबऱ्यांची चौकट देण्याऐवजी एकाच कादंबरीतल्या एकाच वस्तूचा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माग काढणारा लेख द्यावा. आपली पुरवणी वर्गात वाचून दाखवणारे शिक्षक आहेत. शंख कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न त्यांनी एखादे वर्ष बाजूला ठेवावा आणि शंख फुटला तेव्हा तो कोणाच्या हातात होता, आणि सायमन मारला गेला त्या रात्री तो मुलगा कुठे उभा होता, असे विचारून पाहावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक