मोबाइलवरच्या नोंदी आणि नैराश्य

संपादक महोदय,

नैराश्याच्या रुग्णांना 'मोबाइलमध्ये अ‍ॅप घ्या' असं सर्रास सांगितलं जातं. ते वापरायचं कसं, हे कुणी सांगत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे हे मोजणारी प्रश्नावली असते. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असल्याने ती रोज भरू नये, पंधरा दिवसांनी भरावी. बेरीज १० किंवा जास्त आली, तर डॉक्टरांना भेटावं. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी घरच्यांशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही.

पावलं आणि झोप आपोआप मोजणाऱ्या अ‍ॅपवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की फोन अ‍ॅपला मागच्या मागे बंद पाडतो. फोन चार्जिंगला आणि बाई दिवसभर घरात राबतेय, तरी नोंद 'हालचाल नाही'! म्हणून रोज एक ओळ हाताने लिहावीच: झोप कधी लागली, पहाटे जाग कधी आली, गोळी घेतली का. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. या ओळी पाहून डॉक्टरांना मात्रा ठरवणं सोपं जातं. आकडा सुधारला म्हणून परस्पर गोळी बंद करणं घातक आहे.

घरात फोन सामाईक असेल, तर अ‍ॅपला पासवर्ड लावा आणि लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद ठेवा.

– एक समुपदेशक, सातारा