माउसला हात न लावणाऱ्या दादांस अनावृत पत्र

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं, बाई" म्हणून गाडीला किक मारता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. गेल्या शुक्रवारी आपल्या संगणक मंडळातील एका आजींनी जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक भरून आपल्या शेताचा सातबारा स्वतः पडद्यावर आणला आणि यजमानांच्या पश्चात वारस म्हणून लागलेले आपले नाव मोठ्याने वाचले. त्या आवाजानंतर मला हे लिहिल्यावाचून राहवेना.

तुम्ही येण्यापूर्वीची दोन वर्षे आठवली की अजूनही जीव जळतो. एका संस्थेने वाचनालयाला पाच जुने संगणक दिले, हार घालून छायाचित्रे काढली, भिंतीवर आपल्या नावाची पाटी ठोकली आणि पुन्हा कोणी फिरकले नाही. पुढे दहा दिवसांचा वर्ग घेण्यासाठी एक प्रशिक्षक आले. बाईचा हात जरा अडखळला की ते "थांबा, मी करून देतो" म्हणत माउस काढून घेत. दहाव्या दिवशी सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली, पण संगणक बंद कसा करायचा हे त्यांतील एकीलाही सांगता येत नव्हते. त्यानंतर यंत्रांवरची तारीख दर वेळी मागे जाऊ लागली आणि संकेतस्थळे उघडेनाशी झाली, तेव्हा ज्यांना दाखवले त्यांनी "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या" असे सांगून हात झटकले.

तुम्ही आलात, झाकण उघडलेत आणि आतले घड्याळ चालू ठेवणारा बटणाएवढा एक सेल बदललात. यंत्रांवर असलेल्या विंडोज ७ या प्रणालीची सुरक्षा अद्ययावत करणे कंपनीने जानेवारी २०२० मध्येच थांबवले आहे, हे आम्हांला प्रथम तुमच्याकडूनच कळले. त्या जागी तुम्ही लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली घातलीत, जी मोफत मिळते आणि जुन्या यंत्रालाही झेपते. तुमच्या दुकानातील जुन्या यंत्रांचे रॅम काढून आणून बसवलेत, त्याचे पैसे विचारले तर विषय बदललात. हे सारे उपकारच आहेत, तरीही माझ्या मनात घर करून राहिली आहे ती दुसरीच गोष्ट.

मंडळाच्या पहिल्या दिवशी त्याच आजी संगणकासमोर बसल्या होत्या. हात थरथरत होता, दोन टिचक्यांमधले अंतर लांबत होते आणि फोल्डर काही केल्या उघडत नव्हते. त्यांनी माउस तुमच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तूच कर रे बाबा, माझ्यानं व्हायचं नाही." तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत, एक पाऊल मागे सरलात आणि म्हणालात, "आजी, चूक मशीनची आहे. तिला जरा हळू ऐकायला सांगू. मी सांगतो, तुम्ही करा." मग दुहेरी टिचकीचा वेग कमी करण्याची सेटिंगही तुम्ही त्यांच्याच हातून करून घेतलीत. पाऊण तास गेला. तेवढा वेळ तुमचे हात पाठीमागेच होते, आणि फोल्डर उघडल्यावर आजींनी पदराने आधी डोळे पुसले, मग पडदा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवले, मुलांचे हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली. हात केव्हा धरायचा हे मला ठाऊक होते. केव्हा सोडायचा, हे मी त्या दिवशी पाहिले. मदत करणारा माणूस बहुधा घाईत असतो आणि त्या घाईत समोरच्याला नकळत लहान करून टाकतो. त्याला लहान न करता मदत करणे हाच खरा सभ्यपणा, असे मला वाटते. भाकरी थापायला शिकवणारी आईसुद्धा पोरीच्या हातातली फाटकी भाकरी ओढून घेत नाही, ती तशीच तव्यावर टाकू देते.

आता मंडळ मंगळवारी आणि शुक्रवारी भरते, एका यंत्रावर दोघी बसतात आणि दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही हा आमचा एकमेव नियम आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे बाराखडी येणाऱ्या बायकांना मराठी टंकलेखन इंग्रजीपेक्षा लवकर जमले. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर सांगायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवायचे, हे आता त्या आपापल्या सुनांना बजावतात.

हे पत्रही मी टंकलिखित केलेले नाही. मी सांगत गेले आणि त्याच आजींनी तीन संध्याकाळी बसून ते टंकले. 'ज्ञ' आणि 'ऋ' शोधायला त्यांना वेळ लागला, तेव्हा मी त्यांच्या मागे हात बांधून उभी होते.

तुमची कृतज्ञ,
वाचनालयातील बाई